वसाहतकाळातला ‘नेटिव्ह’ आणि आपला निबंध: या चुका टाळा

नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीवर (१९५८) लिहायला बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: गोरे आले आणि सुखानं नांदणारी संस्कृती मोडली. निबंध घसरतो तो इथेच. गोरे पोचण्याआधीच कादंबरीतल्या इग्बो जमातीच्या गावात जुळी मुलं रानात टाकली जातात. दुसऱ्या गावाकडून ओलीस आलेला मुलगा इकेमेफुना ‘बाबा, मला मारलं’ म्हणत धावत येतो आणि तीन वर्षं त्याला घरात वाढवणारा नायक ओकोन्क्वोच त्याच्यावर कोयता चालवतो, का तर चारचौघांत आपण भित्रे ठरू नये म्हणून. पुढे ओकोन्क्वोचा मुलगा न्वोये मिशनऱ्यांकडे ओढला जातो. त्यांचं देवाचं तर्कशास्त्र त्याच्या डोक्यावरून जातं. पण त्या जुळ्यांचं रडणं आणि इकेमेफुनाचा मृत्यू यांनी आत सलणारा प्रश्न एका भजनानं थोडा निवतो. हा धागा सोडला तर धर्मांतराला ‘फितुरी’ म्हणण्यापलीकडे लिहायला काही उरत नाही.

सगळे स्थानिक एकाच साच्यातले धरणं, ही दुसरी चूक. म्बांता गावात मिशनऱ्याचा दुभाषी इग्बोच आहे, पण त्याची बोली वेगळी. तो ‘मी स्वतः’ म्हणायला जातो आणि गावकऱ्यांना ऐकू येतं ‘माझं ढुंगण’. लोक खोखो हसतात. मला हा प्रसंग फार आवडतो. ‘एतद्देशीय अस्मिता’ असं गुळगुळीत लिहिताना तो आठवावा.

शब्दही जपून वापरा. ‘नेटिव्ह’ला सरसकट ‘मूलनिवासी’ लिहू नका, त्या शब्दामागे आपल्याकडचं वेगळं राजकारण आहे. आधी बोलतंय कोण ते बघा. साहेबाच्या तोंडी तो हिणवणारा शब्द असतो, तिथे ‘नेटिव्ह’च ठेवलेला बरा.

‘उत्तर-वसाहतवादी’ म्हणजे स्वातंत्र्यानंतरचंच लेखन, असंही नाही. ही कादंबरी आली तेव्हा नायजेरिया पारतंत्र्यातच होता. स्वातंत्र्य १९६० चं.

इंग्रजीत लिहिलं म्हणजे शरणागती, हा निकालही घाईचा. केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो इंग्रजी सोडून गिकुयू या आपल्या मातृभाषेकडे वळले, अचेबे इंग्रजीतच राहून तिला इग्बो म्हणींचं वळण देत गेले. दोघांची बाजू वाचा, मग ठरवा.

आणि सारांश लिहून झाला की कादंबरीचं शेवटचं पान पुन्हा उघडा. ओकोन्क्वोचा देह झाडाला लटकतोय आणि ब्रिटिश जिल्हा आयुक्त आपल्या नियोजित पुस्तकात त्याला किती जागा द्यावी याचा हिशेब करतोय: अख्खं प्रकरण नको, एखादा बरासा परिच्छेद पुरे.