फॅन फिल्म करायची असेल तर पटकथेआधी स्टुडिओचे नियम वाचा

काही वर्षांपूर्वी आम्ही ठाण्यातील मित्रमंडळींनी उपवन तलावाच्या काठी, पहाटे सहाच्या उजेडात, आमच्या आवडत्या परदेशी मालिकेवरची आठ मिनिटांची फॅन फिल्म, म्हणजे चाहत्यांनी हौसेने केलेली फिल्म, चित्रित केली. ती यूट्यूबवर चढवली आणि तासाभरात पार्श्वभूमीला वापरलेले मालिकेचे शीर्षकसंगीत ओळखले जाऊन तेवढ्या भागाचा आवाज बंद झाला. त्या चाळीस सेकंदांत केवळ संगीत नव्हते. पाखरांचा आवाज होता आणि नायिकेचे शेवटचे वाक्यही होते. पटकथा लिहिण्याआधी नियम वाचले असते, तर हे घडलेच नसते.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करावा. ‘आपण पैसे कमावत नाही, त्यामुळे काही होत नाही’ असे सर्रास म्हटले जाते, पण ते खरे नाही. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ५२ खासगी वापर, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी न्याय्य वापराची सवलत देते; ऑनलाइन सर्वांसमोर मांडलेली नवी कथा सहसा यांपैकी कशातच बसत नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. व्यावसायिक लाभाचा हेतू नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते, परंतु त्यामुळे उल्लंघन पुसले जात नाही. थोडक्यात, फॅन फिल्म हक्कावर नव्हे, तर मालकाच्या संमतीवर उभी असते.

म्हणून दुसरे काम म्हणजे त्या मालकाने काही नियम जाहीर केले आहेत का, हे त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहणे. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेचे उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे. ‘अ‍ॅक्सनार’ या फॅन फिल्मसाठी चाहत्यांकडून दहा लाख डॉलरहून अधिक वर्गणी गोळा झाली, तेव्हा पॅरामाउंट आणि सीबीएस या हक्कदार स्टुडिओंनी डिसेंबर २०१५ मध्ये निर्मात्यांवर दावा दाखल केला. जानेवारी २०१७ मध्ये न्यायाधीशांनी ‘फेअर यूज’चा, म्हणजे अमेरिकी कायद्यातील न्याय्य वापराचा, बचाव नाकारला आणि त्याच महिन्यात तडजोड झाली. दरम्यान जून २०१६ मध्ये या स्टुडिओंनी फॅन फिल्मसाठी नियम प्रसिद्ध केले: एक कथा जास्तीत जास्त पंधरा मिनिटांची, किंवा दोन भागांत मिळून तीस मिनिटांची, शीर्षकात ‘स्टार ट्रेक’ हे नाव नको, कलाकार-तंत्रज्ञांना मानधन नको, वर्गणी पन्नास हजार डॉलरच्या आत. गणवेश वा साहित्य बाजारातून घेतलेले असेल तर ते अधिकृतच हवे, नक्कल चालत नाही; त्यामुळे स्टेशनबाहेर स्वस्तात मिळणारा बिल्ला विकत घेण्याचा मोह आवरावा.

हे नियम पटकथेचा आकारच ठरवतात, आणि माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. चाळीस मिनिटांची कथा लिहून नंतर ती पंधरा मिनिटांत कोंबली तर ती कथा राहत नाही. नियमच जाहीर नसतील तर लेखी परवानगी मागावी आणि उत्तर न येणे म्हणजे होकार समजू नये. त्याहून सुरक्षित वाट सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात दाखवली आहे: कल्पना, विषय वा कथासूत्रावर मालकी नसते, ती मांडणीवर असते. म्हणजे अंतराळप्रवासाची ओढ घ्यावी. पात्रे, नावे आणि यान आपले घडवावे.

जुन्या मराठी चित्रपटावर काही करायचे असेल तर प्रत्येक घटकाचा हिशेब वेगळा करावा लागतो. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे टिकतो, लेखनाचा लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ हे पुस्तक २०१० अखेर मुक्त झाले. १९५३ चा चित्रपट २०१३ अखेर. पण त्याची पटकथा आणि काही गीते आचार्य अत्रे यांची आहेत, आणि ते १९६९ मध्ये गेले असल्याने त्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत चालू आहे.

चित्रीकरणाआधी आपल्या संगीतकाराकडून आणि कलाकारांकडूनही लेखी संमती घ्यावी; मैत्रीत हे राहून जाते.

अपलोड केल्यावर काही आलेच, तर ते नेमके काय आहे ते आधी वाचावे. कंटेंट आयडी या यूट्यूबच्या आपोआप जुळणी शोधणाऱ्या यंत्रणेच्या दाव्यामुळे आवाज बंद होऊ शकतो किंवा जाहिरातीचे उत्पन्न मालकाकडे जाऊ शकते, मात्र त्याने स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर नोंदला जाणारा उल्लंघनाचा इशारा, लागत नाही. व्हिडिओ काढून टाकण्याची कायदेशीर विनंती आली तर स्ट्राइक लागतो, आणि नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक लागल्यास चॅनेल बंद होऊ शकते. अशा विनंतीवरचा प्रतिवाद रागाच्या भरात पाठवू नये, कारण ते कायदेशीर निवेदन असते. आणि संकलन करतानाच संवाद, परिसराचा आवाज व संगीत वेगवेगळ्या ट्रॅकवर जपून ठेवावे, म्हणजे संगीत बदलावे लागले तरी नायिकेचे वाक्य आणि पहाटेची पाखरे जागच्या जागी राहतील.