गनबावरच्या रानात फुकट मुक्काम: या चुका टाळा

मेलबर्नहून उत्तरेला तीन-साडेतीन तास गाडी चालवली की कोहूना गाव येतं. त्याच्या पलीकडे, मरे नदी आणि गनबावर क्रीक यांच्यामध्ये गनबावरचं हे पाणथळ रान पसरलंय. १९८२ पासून ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. क्रीक म्हटलं की आपल्याला ठाण्याची खाडी आठवते, पण हा गोड्या पाण्याचा संथ ओढा आहे. मुक्कामाला पैसे नाहीत, बुकिंग नाही. त्यामुळे जागा चुकली तर सांगायलाही कुणी नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोठ्या झाडाखाली तंबू. आपल्याला लहानपणापासून वडाच्या, आंब्याच्या सावलीत पथारी टाकायची सवय. इथली झाडं रेड गम, म्हणजे निलगिरीच्या जातीची. वारा नसताना, कडक उन्हाच्या शांत दुपारीसुद्धा त्यांची अख्खी फांदी खाली येते. आमच्या मुक्कामापासून वीसेक पावलांवर अशी एक पडली. आधी बंदुकीसारखा एकच कडाड आवाज, मग धप्प. जाऊन पाहिलं तर माझ्या मांडीपेक्षा जाड, मोडलेलं लाकूड आतून लालभडक, पानं अजून हिरवीगार. त्या जागी दहा मिनिटांपूर्वी मुलं खेळत होती. तेव्हापासून गाडीतून उतरलं की मी आधी वर बघतो, मग जमिनीवर ताज्या फांद्या पडल्यात का ते. तंबू, खुर्च्या, गाडी, सगळं झाडाच्या पसाऱ्याबाहेर. सावली हवी तर ताडपत्री न्या.

दुसरी चूक सखल जागेची. मऊ, सपाट, गवताळ खोलगट भाग झोपायला छान वाटतो, पण तो पाण्याचा जुना मार्ग असतो. शिवाय इथे पाऊस न पडताही पाणी येतं: रान जगावं म्हणून गनबावर क्रीकमधून मुद्दाम पाणी आत सोडतात. तेव्हा काही रस्ते बंद होतात. निघण्यापूर्वी पार्क्स व्हिक्टोरियाच्या (इथली उद्यानं सांभाळणारी सरकारी संस्था) साइटवर बंद रस्ते बघाच. पाऊस झाला असेल तर मातीच्या वाटांवर गाडी घालू नका. चिकणमाती चाकाला लाडवासारखी चिकटते. रुतलीच तर जोरात ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक आणखी खोल जातं. टायरची हवा कमी करा, चाकापुढे फळ्या किंवा पायपुसणी घाला.

शेकोटी तीस सेंटीमीटर खोल खड्ड्यात, भोवती तीन मीटर जागा साफ. टोटल फायर बॅन, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदी असेल त्या दिवशी अजिबात नाही; आगीचे इशारे देणारं व्हिकइमर्जन्सी ॲप आधीच घेऊन ठेवा, कारण आत रेंज मिळेलच असं नाही. विझवताना माती लोटू नका, खाली निखारा धुमसत राहतो. पाणी ओता, किमान दहा लिटर, ढवळा, राखेला हात लावून गार लागली की मगच झोपा. आणि पोकळ ओंडके जाळू नका, त्यात कुणाचं तरी घर असतं.

पिण्याचं पाणी घरूनच न्या. निळी-हिरवी शेवाळं वाढली असतील तर ते पाणी उकळूनही उपयोग नाही, विष तसंच राहतं. डास संध्याकाळी अक्षरशः तुटून पडतात, आणि ते ताप नि सांधेदुखी आणणारा रॉस रिव्हर विषाणू पसरवतात. २०२२ मध्ये या भागात जपानी मेंदूज्वरही आढळला होता. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचं मलम बॅगेत तळाशी नको, वरच्या कप्प्यात ठेवा.

झाडाच्या बुंध्यावर लांबट, होडीच्या आकाराचा जुना व्रण दिसला तर तिथे खिळा ठोकू नका, दोरी बांधू नका. या भूमीच्या मूळ रहिवाशांनी होडीसाठी तिथली साल काढलेली असते.