ब्युनोस आयर्स टूरिस्ट बसने बघताय? मग सारखं उतरू नका

अर्जेंटिनाच्या राजधानीतली ही टूरिस्ट बस पिवळी, दुमजली, वरून उघडी. एका तिकिटात हवं तिथे चढा, हवं तिथे उतरा. वरच्या मजल्यावरची जागा धरा, कानात इअरफोन घाला. एवढं सांगायला लेख लागत नाही.

तिकीट काढताना मात्र एक गोष्ट विचारून घ्या: चोवीस तास पहिल्यांदा चढल्यापासून मोजतात, की तिकीट त्या दिवसापुरतंच? चढल्यापासून मोजत असतील तर पहिल्या दिवशी दुपारी चढा आणि न उतरता अख्खी फेरी मारा. तीन तासांच्या वर लागतात. ओबेलिस्को हा उंच स्मारकस्तंभ, कासा रोसादा हे राष्ट्राध्यक्षांचं गुलाबी कार्यालय, पालेर्मो भागातल्या बागा, सगळं नजरेखालून जातं. उतरायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

खरी गोची उतरण्यातच आहे. ‘प्रत्येक थांब्यावर उतरा, पैसे वसूल करा’ असं सांगणाऱ्यांनी त्या थांब्यांवर जानेवारीत उभं राहून बघावं. जानेवारी म्हणजे तिकडचा भर उन्हाळा. पुढची बस यायला वीस मिनिटं, कधी अर्धा तास. आली की वरचा मजला भरलेला, म्हणजे खाली काचेआड बसा. असे पाच-सहा थांबे केलेत की दोन-अडीच तास नुसते वाट बघण्यात जातात. शिवाय बस एकाच दिशेने फिरते. चुकून एक थांबा पुढे गेलात तर मागे यायला जवळजवळ पूर्ण फेरी. अशा वेळी बसचा नाद सोडा, चालत मागे या. आणि चालताना सावलीवरून दिशा ओळखायला जाऊ नका. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, आपला अंदाज बरोबर उलटा पडतो.

माझा नियम साधा आहे: जिथे सुब्ते, म्हणजे तिथली मेट्रो, जाते तिथे टूरिस्ट बसमधून उतरायचं नाही. प्लासा दे मायोला, म्हणजे कासा रोसादासमोरच्या चौकाला, ए लाइन जाते (1913 ची, लॅटिन अमेरिकेतली पहिली भुयारी रेल्वे). पालेर्मोला डी लाइनचं प्लासा इतालिया स्टेशन. रेकोलेताच्या दफनभूमीसाठी एच लाइनचं फाकुल्ताद दे देरेचो. तिथून थोडं चालायचं. आत एविता पेरोनची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्या लोकप्रिय पत्नीची, कबर शोधताना ‘पेरोन’ शोधू नका, तिच्या माहेरच्या ‘दुआर्ते’ कुटुंबाची पाटी बघा. सूबे हे प्रवासाचं कार्ड घेतलंत की मेट्रो आणि साध्या सिटी बस, म्हणजे कोलेक्तिवो, दोन्ही चालतात. कोलेक्तिवोला हात दाखवावा लागतो, नाहीतर ती सरळ निघून जाते.

उरतं ला बोका, बंदराजवळची जुनी वस्ती. तिथे सुब्ते नाही. तिथे उतराच. कामिनितो या छोट्या रस्त्यावरची रंगीबेरंगी पत्र्याची घरं, तो रस्ता चित्रकार बेनितो किन्केला मार्तिनच्या पुढाकाराने कसा उभा राहिला त्याच्या खुणा, आणि काही चौक पलीकडे बोका ज्युनियर्स या फुटबॉल क्लबचं बोंबोनेरा स्टेडियम. तास-दीड तास पुरतो. दारात टँगो नाचणाऱ्यांबरोबर फोटो काढलात की पैसे मागतात, आधीच ठरवा.

पण इथे मी कडक बोलणार. पर्यटकांची वर्दळ आहे तेवढ्याच रस्त्यांवर फिरा. फोन खिशात ठेवा, हातात नाचवू नका. नकाशावर सान तेल्मो ही शेजारची वस्ती जवळ दिसते म्हणून ला बोकातून चालत निघू नका. बस पकडा, नाहीतर टॅक्सी करा. शेवटच्या बसची वेळ विचारताना ‘या थांब्यावर शेवटची कधी येते’ असंच विचारा. फेरीच्या सुरुवातीच्या थांब्यावरून शेवटची बस कधी सुटते, ते कळून तुमचा काही उपयोग नाही. बोंबोनेराला मॅच असेल त्या दिवशी ला बोका सरळ वगळा, रस्ते बंद असतात.

वार निवडता येत असेल तर रविवारी सान तेल्मोत देफेन्सा रस्त्यावर बाजार भरतो; बस त्या रस्त्यावर घुसत नाही, तिथे पायीच फिरायचं. गुरुवार असेल तर दुपारी साडेतीनला प्लासा दे मायोत हजर राहा. तिथल्या लष्करी हुकूमशाहीत बेपत्ता झालेल्या मुलांच्या आया 1977 पासून पांढरे रुमाल बांधून तिथे फेरी घालत आल्या आहेत. आणि आठवड्याच्या मधल्या वारी मोर्चा निघाला तर बस वाट बदलते, मधले थांबे गाळते. कंडक्टरशी हुज्जत घालू नका, सुब्तेत उतरा.