घरचे मूल सांभाळत पाळणाघर सुरू करताना

घरी राहून स्वतःच्या मुलांकडे लक्ष देता यावे आणि त्याबरोबर काही उत्पन्नही मिळावे, या हेतूने अनेक जणी पाळणाघराकडे वळतात. आता काही पुरुषही हे काम करू लागले आहेत. तयारी करताना मात्र बहुतेकांचे सगळे लक्ष येणाऱ्या मुलांकडे असते आणि घरचे मूल त्यांच्यात आपोआप मिसळून जाईल, असे धरून चालले जाते. प्रत्यक्षात दिवसभरात सर्वांत जास्त कस लागतो तो घरच्या मुलामुळेच, कारण त्याची खोली, त्याची खेळणी आणि त्याची आई किंवा बाबा या सगळ्यांत एकाएकी वाटेकरी आलेले असतात. म्हणून किती मुले घ्यायची, कोणत्या वयाची घ्यायची आणि कोणत्या वेळेत घ्यायची, हे तिन्ही निर्णय घरच्या मुलाकडे पाहून घ्यावेत.

संख्या ठरवताना घरचे मूल आधी मोजावे. अनेक ठिकाणच्या नियमांतही सांभाळणाऱ्याची स्वतःची लहान मुले कमाल मर्यादेत धरली जातात. नियमाने चौघांची परवानगी असली, तरी घराला आग लागल्यास एकट्या माणसाला किती मुले सुखरूप बाहेर काढता येतील, हा प्रश्न स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर परवानगीच्या आकड्यापेक्षा बहुधा लहान असते. घरात एक वर्षाखालील बाळ असेल, तर दुसरे तान्हे बाळ सुरुवातीला घेऊच नये. घरच्या मुलाच्याच वयाचे मूल सोबतीला चांगले, असे सर्वांना वाटते. पण दोन वर्षांची दोन मुले एकाच खेळण्यासाठी दिवसभर झगडू शकतात, आणि वर्षा-दोन वर्षांचे अंतर असलेली जोडी पुष्कळदा अधिक सुखाने खेळते. पहिले एक मूल, तेही अर्ध्या दिवसासाठी, घ्यावे आणि घर त्याला सरावल्यावरच दुसऱ्याचा विचार करावा.

कायदेशीर बाबी कंटाळवाण्या असल्या, तरी पहिले मूल येण्याआधी त्या पूर्ण झाल्या पाहिजेत. नोंदणी लागते का, घरातील प्रौढ व्यक्तींची चारित्र्य-पडताळणी लागते का आणि मिळकतीवर कर कसा द्यायचा, हे स्थानिक कार्यालयात विचारून घ्यावे. घर भाड्याचे असल्यास मालकाची लेखी संमती घ्यावी. घराच्या नेहमीच्या विम्यात घरून चालणाऱ्या व्यवसायाची जबाबदारी सहसा येत नाही, म्हणून त्याची वेगळी चौकशी करावी.

घर तपासण्याची उत्तम पद्धत म्हणजे गुडघ्यांवर बसून प्रत्येक खोलीतून एकदा रांगत जाणे. पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्या, टेबलावरून खाली आलेली वायर, ओट्याखालची सफाईची रसायने आणि उशाशी ठेवलेली औषधे त्या उंचीवरून लगेच नजरेत भरतात. बादलीत राहिलेले चार-पाच सेंटिमीटर पाणीही लहान मुलाला बुडण्यास पुरते, त्यामुळे बादल्या रिकाम्या करून उपड्या ठेवाव्यात. ज्यांच्या घरी मोठे मूल आहे, त्यांनी त्याच्या खेळण्यांकडे विशेष लक्ष द्यावे: सहा वर्षांच्या मुलाचे मणी, छोटे लोहचुंबक आणि बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या रांगत्या बाळाच्या जिवावर बेतू शकतात. अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतच तिथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. त्यामुळे मूल बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली, तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे.

खाणे आणि झोप यांबाबत घरच्या सवयींपेक्षा कडक नियम पाळावेत. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. द्राक्षे लांबीच्या दिशेने चार तुकडे करून द्यावीत आणि पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत. तान्ह्या बाळाला घट्ट, सपाट गादीवर, उशी आणि सैल पांघरुणाशिवाय, पाठीवरच निजवावे. त्याच्या घरी ते पोटावर झोपते असे पालकांनी सांगितले, तरी नम्रपणे नकार द्यावा. घशात काही अडकल्यास एक वर्षाखालील बाळाला आणि त्याहून मोठ्या मुलाला द्यायचे उपचार वेगळे असतात. ते चित्रफीत पाहून येत नाहीत, म्हणून प्रात्यक्षिकासह प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घ्यावे.

आता घरच्या मुलाविषयी. त्याची खेळणी तीन वाट्यांत विभागावीत: सर्वांसाठी असलेली, त्याने मनाने दिली तरच इतरांना मिळणारी, आणि पाळणाघराच्या वेळेत बाहेर न येणारी. शेवटच्या वाट्यातली खेळणी कोणती, हे त्यालाच ठरवू द्यावे आणि एकदा ठरल्यावर पाहुण्या मुलाच्या रडण्याखातर तो नियम मोडू नये. ‘तू घरचा आहेस ना, मग दे त्याला’ हे वाक्य दिवसभरात किती वेळा तोंडातून निघते, याकडे लक्ष ठेवावे. दुसऱ्याच्या मुलाला आपण बोलायला कचरतो, त्यामुळे भांडणाचा निवाडा नकळत नेहमी घरच्या मुलाच्या विरुद्ध जातो आणि ते त्याला फार लवकर उमगते. इतर मुलेही त्याचे ऐकून ‘आई’ म्हणू लागतात, तेव्हा त्याला राग येणे अगदी साहजिक आहे. येणाऱ्या मुलांसाठी ‘मावशी’, ‘काका’ असे संबोधन पहिल्या दिवसापासून रूढ करावे. अंथरूण ओले होणे, पुन्हा बाटली मागणे, सतत कडेवर बसण्याचा हट्ट धरणे अशी मागे जाणारी वागणूक पहिल्या काही आठवड्यांत दिसू शकते. त्यावर रागावण्याने काही साधत नाही. शेवटचे मूल घरी गेल्यावर स्वयंपाकाला लागण्याआधी अर्धा तास केवळ त्याच्याबरोबर घालवला, तर फरक पडतो.

येणाऱ्या मुलांचे रडणे हा वेगळा विषय आहे. साधारण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत आईवडिलांपासून दूर होण्याची भीती तीव्र असते, म्हणून त्या वयाचे मूल घेताना पहिले काही दिवस पालकांनी सोबत बसावे आणि मग वेळ हळूहळू वाढवावा. मुलाचा डोळा चुकवून निघून जाण्याची सवय पालकांना असते. तसे करू न देता, निरोप थोडक्यात पण सांगूनच घ्यायला लावावा.

करार लेखीच असावा, आणि मैत्रीण किंवा नातेवाईक असल्यास तर नक्कीच, कारण ओळखीच्या माणसाकडे उशिराचे पैसे मागणे सर्वांत जड जाते. वेळा, शुल्क, उशिरा नेल्यास लागणारी रक्कम, मूल न आल्यास शुल्क द्यायचे की नाही, सुट्ट्या, मुलाला नेण्याचा अधिकार असलेल्या व्यक्ती, ॲलर्जी, औषध देण्याची परवानगी आणि छायाचित्रांविषयीची संमती हे सगळे त्यात यावे. शुल्क ठरवताना केवळ मुले घरात असण्याचे तास मोजू नयेत. आधीची तयारी, नंतरची सफाई, खाण्याचा आणि विजेचा खर्च, खेळण्यांची झीज हेही त्यात धरावे.

करारातले आजारपणाचे कलम विशेष विचार करून लिहावे. उलट्या-जुलाब थांबल्यानंतर 48 तासांपर्यंत मूल आणू नये आणि कांजिण्यांमध्ये सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत ते घरीच राहावे, हे नियम रूढ आहेत. हेच नियम घरच्या मुलालाही लागू होतात, हे मात्र बहुतेकांना आयत्या वेळी आठवते. आपले मूल उलट्या करत असताना इतरांची मुले घरात घेता येणार नाहीत. त्या दिवशी पाळणाघर बंद राहील, शुल्क आकारले जाणार नाही आणि पालकांनी पर्यायी सोय आधीच पाहून ठेवावी, असे स्पष्ट लिहावे.

रोजची एक वही ठेवावी आणि तीत खाणे, झोप, औषध आणि लहानसहान खरचटणेही वेळेसह नोंदवून त्याच दिवशी पालकांची सही घ्यावी. मूल सकाळीच एखादी जखम घेऊन आले असेल, तर तीही लिहावी. एखादे मूल पुन्हा पुन्हा कारण न सांगता येणाऱ्या जखमा घेऊन येत असेल, तर त्याचे शब्द जसेच्या तसे टिपून बालसंरक्षण यंत्रणेला कळवावे. त्याची उलटतपासणी स्वतः घेऊ नये. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणाच्याही भरवशावर मुलांना एकटे सोडू नये, मग ती व्यक्ती कितीही जवळची असो.

पहिले चार आठवडे चाचणीचे असतील आणि त्या काळात कोणत्याही बाजूला एका आठवड्याची सूचना देऊन थांबता येईल, असे कलम करारात ठेवावे. पालकांप्रमाणे ते सांभाळणाऱ्यासाठीही असते: घरचे मूल महिनाभरानंतरही नीट जेवत-झोपत नसेल, तर एक मूल कमी करावे किंवा वेळ अर्ध्यावर आणावी, आणि तसे पालकांना त्याच आठवड्यात कळवावे.