लांबून शॉट पडत नाही? या चुका टाळा

लातूर, परभणी, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही बास्केटबॉल कोर्टवर संध्याकाळी बघा. पोरं येतात ती थेट थ्री-पॉइंटच्या रेषेवर (जिच्या मागून शॉट पडला की तीन गुण मिळतात) उभी राहतात आणि अंग गरम व्हायच्या आधीच लांबून फेकायला लागतात. लांबचा शॉट बिघडतो तो इथंच, असं माझं ठाम मत आहे. ताकद पुरत नाही म्हणून चेंडू खांद्यातून ढकलला जातो आणि पुढं तीच सवय हाडात बसते. रिंगजवळून सुरुवात करा. तिथून शॉट सलग पडू लागले की एक पाऊल मागं सरका. रेषेपर्यंत पोहोचायला महिने लागले तरी लागू द्या.

चेंडू सारखा रिंगच्या पुढच्या कडेला लागत असेल तर हातांना दोष देऊ नका, पाय बघा. बरेच जण गुडघे वाकवतात खरे, पण चेंडू कपाळापाशी आला की क्षणभर थांबतात. त्या थांबण्यात पायांची सगळी ताकद वाया जाते. गुडघे सरळ होणं आणि चेंडू वर जाणं एकाच लयीत झालं पाहिजे.

दुसरी मोठी चूक सपाट शॉटची. रिंग आतून 45 सेंटिमीटर रुंद, तर पुरुषांचा 7 नंबरचा चेंडू साधारण 24. पण 30 अंशांच्या कोनात येणाऱ्या चेंडूपुढं रिंगचं तोंड फक्त साडेबावीस सेंटिमीटर उघडं राहतं, म्हणजे तो कडेला न लागता आत जाऊच शकत नाही. तोच चेंडू 45 अंशांत उतरला तर जवळपास 32 सेंटिमीटर मिळतात. म्हणून चेंडू उंच सोडा, मनगट पूर्ण वाकवा आणि हात लगेच खाली ओढू नका.

डावीउजवीकडं जातोय? बहुतेक वेळा आधाराच्या हाताचा अंगठा चेंडू सोडताना ढकलत असतो. रिंगजवळून एका हातानं शॉट मारून पाहा. चेंडू उलटा फिरत सरळ गेला तर दोष दुसऱ्या हाताचा. तरीही वाकडा गेला तर कोपर बाहेर जातंय का ते बघा.

चेंडूही तपासा. मुलींसाठी 6 नंबर, लहान मुलांसाठी 5. बारा वर्षांच्या पोराच्या हाती 7 नंबर देऊन लांबून शॉट मागणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

रेषाही टेपनं मोजा. फिबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची) थ्री-पॉइंटची रेषा 2010 पासून 6.75 मीटरवर आहे, कोपऱ्यात 6.60. जुन्या सिमेंट कोर्टवर 6.25 ची रेषा तशीच राहिलेली असू शकते. तिथं सराव करून स्पर्धेला गेलेल्या पोरांचे शॉट आखूड पडणारच.

मे महिन्यात सराव सकाळी लवकर उरका. वारा असेल त्या दिवशी त्याच्या हिशोबानं शॉट बदलू नका, रिंगजवळचं काम करा. आणि दमल्यावर शॉट आखूड पडू लागले, की लांबून मारणं थांबवून जवळच्या फ्री थ्रोच्या रेषेवर या.