रस्त्यावरच बोट टोचून ड्रायव्हरची ड्रग टेस्ट: सॅम्पल वाया जाऊ नये म्हणून काय करायचं

मी इंग्लंडमध्ये टॉक्सिकॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे रक्तातलं ड्रग आणि विष शोधणाऱ्या लॅबमध्ये काम करतो. म्हणजे बोट टोचणारा मी नाही, टोचून झाल्यावर जे काही पाकिटातून येतं ते ज्याच्या टेबलावर पडतं तो मी. घरी आई शुगर बघायला बोट टोचते तसंच तर आहे, असं म्हणून लोक हे काम हातात घेतात. टोचणं तसंच आहे हो, बाकी काहीच तसं नाही.

कायदा थोडक्यात सांगतो. इंग्लंड-वेल्समध्ये २ मार्च २०१५ पासून रक्तातल्या ड्रगची लिमिट ठरलेली आहे, गांजातल्या टीएचसीची (नशा आणतं ते द्रव्य) लिटरला २ मायक्रोग्रॅम, कोकेनची १०, केटामाइनची २०. रस्त्यावर पोलीस लाळेची टेस्ट घेतात, ती पॉझिटिव्ह आली की स्टेशनला नेतात, तिथं डॉक्टर किंवा नर्स शिरेतून रक्त काढतात आणि त्याचे दोन भाग करतात, मागितला तर एक ड्रायव्हरला मिळतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूची लिमिट आकड्यात आहे (१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम), ड्रगला मात्र आकडाच नाही, गाडीवर ताबा राहण्यासारखी अवस्था होती का नव्हती एवढंच बघतात. म्हणजे इंग्लंडमध्ये केससाठी रक्त शिरेतूनच काढतात; खाली लिहिलंय ते नवी पद्धत आजमावून बघायला किंवा रिसर्चसाठी रस्त्यावर बोटातलं रक्त घ्यायला जाणाऱ्यांसाठी आहे.

मग हा खटाटोप कशाला? घड्याळासाठी. गांजा ओढताना टीएचसी रक्तात काही मिनिटांत टोकाला जातं आणि तितक्याच घाईनं उतरतं, कोकेन तर साधारण तासाभरात निम्मं होतं, आणि इकडे गाडी अडवली, स्टेशनला नेलं, नर्स यायची वाट बघितली यात दोन तास कुठे गेले कळत नाही. त्यामुळे फॉर्मवर वेळ दोनदा लिहा, गाडी थांबवल्याची आणि बोट टोचल्याची, वेगवेगळी. अंदाजे साडेअकरा असं लिहू नका, २३:३४ लिहा.

आता बोट. हे नीट वाचा कारण निम्मी सॅम्पल्स इथंच मरतात.

आपण २० मायक्रोलिटर रक्त घेतो. लिमिटवर असलेल्या माणसाच्या तेवढ्या रक्तात टीएचसी असतं ४० पिकोग्रॅम, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. आता ज्यानं अर्ध्या तासापूर्वी जॉइंट (गांजाची सिगरेट) वळलाय त्याच्या बोटाला चिकट राळ लागलेली असते, त्यातलं टीएचसी एक मायक्रोग्रॅम धरा, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही, पण ते झाले दहा लाख पिकोग्रॅम! त्यातलं चिमूटभर जरी थेंबात उतरलं तरी रिपोर्ट माणसाच्या रक्ताचा राहिला नाही, त्याच्या कातडीचा झाला. शिवाय वळताना अंगठा आणि तर्जनी वापरतात, म्हणून ती बोटं सोडूनच द्या, ज्या हातानं तो लिहितो त्याच्या उलट्या हाताची अनामिका किंवा मधलं बोट घ्या.

साबण आणि पाण्यानं धुवायचं, नुसतं पुसायचं नाही. रस्त्यावर पाणी कुठलं म्हणाल तर थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा, दोन कामं होतात, बोट स्वच्छ होतं आणि गरमही होतं, थंडीत रात्री दोन वाजता गार हातातून थेंब काढून बघा म्हणजे कळेल. धुतल्यावर पूर्ण कोरडं करा, ओलं राहिलं तर रक्त पातळ होतं आणि थेंब पसरतो. आणि तुमचे ग्लोव्ह्ज! गाडीतली ड्रगची पुडी हातात घेतली आणि त्याच ग्लोव्ह्जनी बोट धरलं असं करणारे आहेत. नवे घाला, प्रत्येक ड्रायव्हरला नवे.

लॅन्सेट, म्हणजे टोचायची बारीक सुई, बोटाच्या टोकावर मधोमध नाही, जरा कडेला. पहिला थेंब गॉजनं पुसून टाकायचा, त्यात पेशींच्या आजूबाजूचं पाणीही असतं आणि कातडीवरचा उरलासुरला माल पण. हात खाली सोडून ठेवा, दुसरा थेंब आपोआप फुगेल. लिंबू पिळल्यासारखं बोट पिळायचं नाही, पिळलं की परत तेच पाणी येतं आणि रक्तपेशी फुटतात.

थेंब घ्यायला दोन प्रकार आहेत. एक म्हणजे जाड टीपकागदाचं कार्ड, १९६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांनी बाळांच्या टाचेतलं रक्त तपासायला वापरलं तेच. स्वस्त आहे, पण रक्त घट्ट असेल तर डाग लहान पडतो आणि पातळ असेल तर पसरतो, मग आम्ही त्यातून ठरलेल्या मापाची टिकली कापली तरी आत रक्त किती आलं हे माणसागणिक बदलतं. माझं मत विचाराल तर रस्त्यावर कार्ड नकोच, दुसरा प्रकार घ्या, ठरावीक माप शोषणारं टोक असलेली काडी. तिरकी धरून थेंबाला फक्त टेकवायची, बुडवायची नाही, टोक पूर्ण लाल झालं की मनात दोन आकडे मोजून उचलायची. दोन काड्या घ्या, एक आमची आणि एक जपून ठेवायची, उद्या वाद झाला तर दुसरीकडे तपासता येते. वर एक कोरी काडी त्याच जागी उघडून तशीच बंद करून पाठवा. ती स्वच्छ निघाली तर निदान किट आणि हवा यांच्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही.

वाळवणं म्हणजे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि त्यामुळेच तिथं गडबड होते. साध्या हवेत दोन-तीन तास, उन्हात नाही, गाडीच्या हीटरसमोर तर अजिबात नाही. रक्त ओलं असेपर्यंत त्यातली एन्झाइम्स कोकेन तोडत राहतात, म्हणून तर शिरेतल्या रक्ताच्या बाटलीत फ्लोराइड घालतात, इथं ते काम वाळवणं करतं. हां, आणि दारू या पद्धतीनं मोजता येत नाही, रक्त वाळताना अल्कोहोल उडून जातं, त्यासाठी फुंकायचं मशीन वेगळं ठेवा.

वाळलं की फॉइलच्या पाकिटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकून बंद. मुंबईत जुलैमध्ये कोणी हे करणार असेल तर एक पुडी पुरणार नाही, दोन टाका. मागे एकदा ओलीच काडी घाईघाईत प्लास्टिकच्या झिपबॅगमध्ये घालून कोणीतरी पाठवली होती, चार दिवसांनी उघडली तर टोकावर हिरवट बुरशी, आणि लेबलवर वळणदार अक्षरात लिहिलेलं, अर्जंट.