मुलगी बेपत्ता झाली तर सीमाभागातल्या घरच्यांनी काय करायचं

चोवीस तास वाट बघा, असं कुणीही सांगितलं तरी थांबू नका. तसा नियम कुठल्याच कायद्यात नाही. फोन लागत नाही, नेहमीच्या वेळेला मुलगी घरी आली नाही आणि मैत्रिणींकडेही नाही, एवढं कळलं की त्याच रात्री ठाण्यात जायचं. वाटेत ११२ ला फोन करून ठेवायचा, म्हणजे त्या वेळेची नोंद राहते.

बेळगावात कचेरीबाहेर बसून मी मराठीत आणि कन्नडमध्ये अर्ज लिहून देते. माझ्या मामाची मुलगी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून कामावर म्हणून निघाली, ती अजून आलेली नाही. तिच्यासाठी फिरताना जे कळलं आणि माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या आईबापांसाठी जे लिहीत आले, ते इथं सांगते.

सगळ्यात जास्त जपायचं ते पहिल्या तक्रारीला. मामा ठाण्यात म्हणाले होते, "सकाळी डबा घेऊन कामाला गेली, संध्याकाळी आली नाही." रायटरनं कन्नडमध्ये लिहिलं, "घरच्यांवर रागावून निघून गेली." मामांना कन्नड वाचता येत नाही, आणि वाचून दाखवा म्हटल्यावर कुणी दाखवलं नाही. पुढं जो साहेब आला त्यानं तेवढी एक ओळ वाचली आणि फाईल मिटली. तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर ती तक्रारदाराला वाचून दाखवायचीच, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. तेव्हा तोंडी सांगत बसू नका. घरूनच लिहून न्या, मराठी अर्ज आणि सोबत त्याचा कन्नड तर्जुमा. गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या कलम ३५० नं दिलाय. तरी कन्नड प्रत जोडाच. सीमाप्रश्नावर माझं मत पक्कं आहे, पण भाषेचं भांडण त्या टेबलावर न्यायचं नाही. तिथं फक्त मुलीचं काम.

अर्जात ती का गेली असेल याचे तर्क लिहू नका, जे दिसलं ते लिहा. शेवटचं कुणी बघितलं, किती वाजता, कुठल्या फाट्यावर, वडापमध्ये बसली की बसमध्ये. उंची, वर्ण, तीळ, भाजल्याचा डाग, दातात चांदी भरली असेल तर कुठल्या दाढेत, कानाला किती भोकं. कपड्यांची माहिती मात्र आईला किंवा बहिणीला विचारून लिहा. पुरुष सांगतात, "निळा ड्रेस." बहीण सांगते, "निळ्या ड्रेसच्या बाहीला आतून पांढऱ्या दोऱ्याची शिलाई, मीच उसवून मोठी केली होती." पुढं कधी ओळख पटवायची वेळ आली तर त्याच दोऱ्याचा उपयोग होतो. कुणावर संशय असेल तर नाव आणि संशयाचं कारण स्पष्ट लिहा. कुणी त्रास देत होतं, लग्नाची जबरदस्ती होती, कामाच्या ठिकाणी पैसे अडकले होते, काहीही असो. इज्जतीपायी लपवलेली गोष्ट नंतर सांगितली की पोलीस तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत.

मुलगी अठराच्या आतली असेल तर अपहरणाचाच गुन्हा नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलंय. सज्ञान असेल तर आपल्याकडं कर्नाटकात सहसा 'महिला बेपत्ता' म्हणून क्राईम नंबर पडतो, पलीकडं महाराष्ट्रात चंदगड-कागलला मिसिंग रजिस्टरला नोंद होते. दोन्हीकडं नंबर मागून घ्या. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. "आमची हद्द नाही" म्हणाले तर झिरो एफआयआर मागा. हद्द कुठलीही असो, नोंद करून घेणं आता संहितेतच आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती असूनही घेत नसतील तर तोच अर्ज पोस्टानं वरिष्ठांना पाठवा. बेळगाव शहरातलं ठाणं असेल तर पोलीस आयुक्तांना, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचं असेल तर एसपींना. पोस्टाची पावती जपा. तिथंही दाद लागली नाही तर शपथपत्रासह मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणून तिथला अर्ज आईच्या किंवा बहिणीच्या नावानं करा. फोन १५१००.

पहिल्या दोन-तीन दिवसांत दोन गोष्टी हातच्या जातात, फोन आणि कॅमेरा. तिचं सिम बंद करू नका, त्याच नंबरचं दुसरं सिम काढू नका, उलट रिचार्ज चालू ठेवा. नंबर तीन महिने वापरात नसला तर कंपनी तो काढून दुसऱ्याला देऊ शकते. मोबाईलचा खोका शोधून त्यावरचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, अर्जात घाला. घरच्या संगणकावर तिचं खातं उघडं असेल तर काही पुसू नका, पासवर्ड बदलू नका, स्क्रीनचे फोटो काढून तपास अधिकाऱ्याला द्या. कॅमेऱ्याचं चित्रण बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवस-महिन्यात आपोआप पुसलं जातं, छोट्या दुकानात त्याच्याही आधी. सीबीटी म्हणजे बेळगावचं मुख्य बसस्थानक, रेल्वे स्टेशन, फाट्यावरचा पेट्रोल पंप, वाटेतला टोलनाका, सगळीकडं तारीख-वेळ घालून "चित्रण जपून ठेवा" असं लेखी द्या, पोच घ्या, आणि त्या पोचांची यादी पोलिसांना द्या. कर्नाटकाच्या बसमध्ये बायकांना शून्य तिकीट मिळतं. त्यावर नाव नसलं तरी थांबा आणि वेळ मशीनमध्ये असते. कंडक्टरला फोटो दाखवायचा तो त्याच आठवड्यात, नंतर त्याला आठवत नाही.

सीमाभागातली खरी अडचण पुढं येते. आपल्या गावापासून महाराष्ट्र तासाभरावर, चोर्ल्याच्या घाटानं गोवा दोन-अडीच तासांवर, पण ठाण्यातली फाईल सीमेवरच्या शिनोळीच्या पुढं आपणहून जात नाही. बेळगावात बेपत्ता म्हणून नोंदलेली बाई गडहिंग्लजच्या ठाण्यात 'अनोळखी स्त्री' असू शकते, आणि दोन्ही कागद एकमेकांना कधीच भेटत नाहीत. देह वाहून नेणाऱ्या नद्याही हद्द बघत नाहीत. हिरण्यकेशी आंबोलीहून निघून गडहिंग्लजवरून संकेश्वरला येते, दूधगंगा-वेदगंगा कोल्हापुरातून निपाणीकडं उतरतात. म्हणून एका पानाचा अर्ज करा, वर फोटो, खाली खुणा आणि आपला क्राईम नंबर. तो चंदगड, गडहिंग्लज, कागल, आंबोलीसाठी सावंतवाडी, गोव्यात वाळपई, आणि मिरज-लोंढ्याच्या रेल्वे पोलिसांकडं स्वतः नेऊन द्या. प्रत्येक प्रतीवर शिक्का घ्या. मेल करून गप्प बसू नका.

तिथं विचारताना त्यांचेच शब्द वापरा. अनोळखी मृतदेहाच्या नोंदीला कर्नाटकात यूडीआर म्हणतात, महाराष्ट्रात अकस्मात मृत्यू किंवा एडी. पंचनाम्याला इकडं महजर. "बेपत्ता झाल्या तारखेपासूनचे अनोळखी स्त्रियांचे यूडीआर दाखवा" म्हटलं की रजिस्टर उघडतं. बेळगावचं बिम्स, कोल्हापूरचं सीपीआर, मिरजेचं सिव्हिल आणि गोव्यात बांबोळीचं इस्पितळ इथल्या शवागारांतही विचारा, आणि जिवंत पण ओळख न पटलेल्या रुग्णांचीही चौकशी करा, ते लोक विसरतात. घरात म्हणतात, असल्या जागी बाईनं जाऊ नये. मी म्हणते, बाईनंच जावं, कपडे तीच ओळखते. चेहरा ओळखण्यापलीकडचा असेल तर अंदाजानं हो किंवा नाही म्हणू नका, आईवडिलांच्या रक्ताशी डीएनए जुळवून बघण्याची लेखी मागणी करा.

पोस्टरवर घरातल्या मुलीबाळींचा नंबर टाकू नका, ठाण्याचा आणि एका पुरुष नातेवाइकाचा टाका. "मुलगी आमच्याकडं आहे, पैसे पाठवा" असे फोन येतातच. पैसे न पाठवता नंबर पोलिसांना द्या. तिच्या स्वभावाबद्दल, मित्रांबद्दल पोस्टरवर काही लिहू नका. बलात्काराचा गुन्हा लागला तर नाव-फोटो पसरवणं हाच गुन्हा होतो, तेव्हा पोस्टर लगेच उतरवायचं.

आणि सज्ञान मुलगी सापडली, सुरक्षित आहे, पण घरी यायचं नाही म्हणाली, तर तिचं ऐकायचं. जोडीदार निवडण्याचा तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली ठामपणे सांगितलाय. तिला ओढून आणण्यासाठी हा लेख वापरू नका. पण "पळून गेली असेल" हे उत्तर ती स्वतः सांगेपर्यंत मान्य करायचं नाही. कुणी डांबून ठेवल्याचा सबळ संशय असेल तर हेबियस कॉर्पस, म्हणजे तिला कोर्टापुढं हजर करा असा उच्च न्यायालयातला अर्ज, करता येतो, आपल्यासाठी धारवाड खंडपीठात, चंदगडवाल्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढं.

एफआयआर झाल्यावर नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे तक्रारदाराला कळवायचं बंधन पोलिसांवर आहे. कळवलं नाही तर लेखी मागा. मग एक दिवस 'सी रिपोर्ट' गेल्याचं कळेल. कर्नाटकात सी रिपोर्ट म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही, बी रिपोर्ट म्हणजे तक्रारच खोटी. महाराष्ट्रात छडा न लागल्याला 'ए समरी' म्हणतात, त्यामुळं पलीकडच्या नातेवाइकांच्या सल्ल्यानं गोंधळू नका. तो अहवाल मान्य करण्याआधी कोर्टानं तक्रारदाराचं म्हणणं ऐकायला हवं, हे १९८५ पासून ठरलेलं आहे. नोटीस आली की हजर राहून हरकत अर्ज द्या आणि काय तपासलं नाही ते एकेक करून लिहा. कुठल्या कॅमेऱ्याचं चित्रण घेतलं नाही, कुणाचा जबाब नाही, कुठल्या नंबरच्या कॉलची नोंद काढली नाही. इथं तुमच्या जपलेल्या पोचा कामी येतात. मोबाईलच्या कॉलची नोंद कंपन्यांनी किमान दोन वर्षं ठेवायची असते, ती मुदत डोक्यात ठेवून भांडा.

मृतदेह नाही म्हणून केस नाही, असं म्हणणाऱ्याला अश्विनी बिद्रे यांचं प्रकरण सांगा. कोल्हापूर जिल्ह्याच्या लेक, स्वतः पोलीस अधिकारी, एप्रिल २०१६ पासून बेपत्ता. गुन्हा नोंदवायलाच २०१७ उजाडलं. देह कधीच मिळाला नाही. घरच्यांनी पाठपुरावा सोडला नाही आणि एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या न्यायालयानं निरीक्षक अभय कुरुंदकर याला जन्मठेप दिली.

सात वर्षं खबर नसेल तर कायदा मृत्यू गृहीत धरू देतो. तो वारसा-मालमत्तेपुरता वापरायचा असेल तर वापरा, त्यानं फौजदारी तपास संपत नाही. खुनाच्या गुन्ह्याला मुदत नसते, आणि नवीन धागा मिळाला तर पोलीस पुढचा तपास करू शकतात. म्हणून ठाण्यात नवा साहेब रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात जा. सगळी फाईल पुढ्यात टाकू नका, एक पान न्या: क्राईम नंबर, तारखा, राहिलेल्या तपासाच्या तीन-चार ओळी, आणि फोटो. पोच घ्या, पुढची तारीख मागा, त्या तारखेला परत जा.